मोटारीचे कांटे

नागपूरच्या सीताबर्डी भागांत एक दगडी खांब उभा आहे. लोक त्या जागेला ‘झिरो माइल’ म्हणतात, आणि देशांतील सारीं अंतरें तेथूनच मोजलीं जातात, अशी समजूत पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. वस्तुतः भूमापन खात्यानें १९०७ सालीं येथें केलेली खूण समुद्रसपाटीपासूनची उंची जपण्यासाठीं होती. साधन नक्की काय मोजतें, हें न विचारतां त्याच्यावर विश्वास ठेवला कीं असें होतें. जुन्या मोटारींच्या डॅशबोर्डवरील कांट्यांविषयींही हेंच म्हणावें लागेल.

आरंभींच्या मोटारींना असे कांटे जवळजवळ नव्हतेच. १९०८ सालीं निघालेल्या फोर्डच्या ‘टी’ गाडींत पेट्रोल किती उरलें हें पाहण्यासाठीं पुढील बैठक उचलून टांकींत काठी बुडवावी लागे. पाण्याची उष्णता दाखविणारा तापमापक पुष्कळ गाड्यांत रेडिएटरच्या झांकणावरच बसविलेला असे. पुढें शास्त्रज्ञांची कमाई चालकाच्या डोळ्यांसमोर एकत्र आली. १८४९ सालीं फ्रान्समधील यूजेन बूर्दाँ यानें शोधलेली वांकडी, चपटी नळी आंतील दाब वाढतांच सरळ होऊं पाहते. तेलाच्या दाबाचा कांटा तिच्यावर चालूं लागला. १९०२ सालीं स्ट्रासबुर्गच्या ओटो शुल्झे यानें वेगमापकाचा शोध नोंदविला. त्यांत चाकांच्या गतीनें फिरणारें लोहचुंबक आपल्याभोंवतींच्या धातूच्या वाटीला न शिवतां ओढतें, आणि केंसासारखी बारीक कमान तिला मागें खेचते. या ओढाताणींत कांटा जेथें स्थिरावतो तो वेग.

म्हणून कांटा बिघडला म्हणजे प्रथम त्याची जात पाहावी. वेगाचा कांटा थरथरूं लागला, तर दोष बहुधा वेगमापकांत नसून गिअरबॉक्सपासून आलेल्या केबलींत असतो. ती कोरडी पडलेली अथवा फार वांकलेली असते. मात्र तिला सढळ हातानें तेल पाजलें, तर तें वर चढून वाटीपर्यंत पोंचतें आणि चांगलें यंत्रही निकामी होतें. पाण्याच्या उष्णतेचा जुन्या पद्धतीचा कांटा ईथर भरलेल्या बारीक नळीवर चालतो. इंजिन उतरवितांना ती तुटली, तर ईथर उडून जातें आणि कांटा कायमचा ‘थंड’ दाखवितो. नागपूरच्या वैशाखांत, पारा ४५ अंशांच्या वर गेला असतां, अशा शांत कांट्यावर विसंबणें म्हणजे इंजिन गमावणें होय.

१९६० नंतरच्या पुष्कळ ब्रिटिश धर्तीच्या गाड्यांत पेट्रोलचा व उष्णतेचा असे दोन्ही कांटे विजेनें तापणाऱ्या दुपदरी पट्टीवर चालतात, आणि दोहोंना सरासरी दहा व्होल्टचा दाब एकाच लहानशा डबीकडून मिळतो. दोन्ही कांटे एकदम जास्त दाखवूं लागले, तर टांकी उघडण्याचें कारण नाहीं. दोष त्या डबींत किंवा तिच्या अर्थिंगमध्यें असावा. जीर्णोद्धार करणाऱ्यांची मोठी फसगत येथेंच होते. गंज खरवडून, टांकीला सुंदर नवा रंग देऊन गाडी उभी राहते, आणि पेट्रोलचा कांटा मेल्यासारखा पडून राहतो. कारण विजेची परतीची वाट त्या रंगानेंच बुजविलेली असते. जोडाखालचा रंग नखाएवढा खरडला कीं कांटा जिवंत होतो.

परंतु सर्वच गोष्टी खरडावयाच्या नसतात. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांतील कांहीं तबकड्यांवर अंधारांत चमकणारा रेडियमचा लेप आहे. त्याची चमक विझली तरी रेडियम विझत नाहीं. तें अर्धें होण्यास सुमारें १६०० वर्षें लागतात. अशी तबकडी घरीं उघडून खरवडणें म्हणजे विषारी धूळ श्वासावाटे आंत घेणें होय.

मैलांच्या आंकड्यांना तर इतिहासाचें मोल आहे. १९४३ सालीं नागपुरांत भरलेल्या मुख्य इंजिनिअरांच्या परिषदेनें रस्त्यांची वर्गवारी करून वीस वर्षांची योजना मांडली, तेव्हां देश मैलांतच मोजला जात असे. १९५६ च्या कायद्यानें दशमान पद्धति आणली आणि पुढें रस्त्यांवरील दगडांवर किलोमीटर आले. मैलांची जुनी तबकडी फेंकून नवी बसविणारा मनुष्य सोय साधतो, पण एक साक्षीदार घालवितो. त्या साक्षीदाराला दुरुस्त करून त्याच्याकडून खरें वदवून घ्यावें. आणि पेट्रोलचा कांटा खरें बोलूं लागेपर्यंत टांकींत काठी बुडवून पाहण्यास लाजूं नये.