रणांगणातल्या जखमेपासून दाताच्या मुळापर्यंत

'रूट कॅनाल केलेला दात ठिसूळ होतो' हे तुम्ही नक्कीच ऐकलं असेल. पण खरंच होतो का, आणि झालाच तर दोष कुणाचा? प्रबंधाचा विषय शोधत असाल तर या प्रश्नाचा इतिहास जरूर पाहा.

सुरुवात होते पहिल्या महायुद्धात. जखमा सडून सैनिक दगावत होते. १९१५ च्या सुमारास रसायनशास्त्रज्ञ हेन्री डेकिन आणि शल्यविशारद अलेक्सिस कॅरेल यांनी फ्रान्समध्ये सुमारे ०.५ टक्के सोडियम हायपोक्लोराइटने जखमा धुण्याची पद्धत बसवली. १९३६ साली वॉकर यांनी याच जातीचं, पण जास्त तीव्र द्रावण रूट कॅनालसाठी सुचवलं. ते पल्प विरघळवतं हे १९४१ मध्ये ग्रॉसमन आणि मीमन यांनी दाखवलं. १९५७ मध्ये नॉर्वेच्या निगार्ड-ऑस्टबी यांनी ईडीटीए आणलं. १९७५ मध्ये मॅककोम्ब आणि स्मिथ यांना सूक्ष्मदर्शकाखाली कॅनालच्या भिंतीवर भुशाचा थर, म्हणजे स्मिअर लेयर दिसला. तो काढायला पुढे ईडीटीए हाताशी होतंच.

आता गंमत बघा. डेंटीनमध्ये वजनाने साधारण ७० टक्के खनिज आणि २० टक्के सेंद्रिय भाग असतो. त्यातला बहुतेक कोलॅजेन. हायपोक्लोराइट सेंद्रिय भागावर तुटून पडतं, मग तो मेलेला पल्प असो की दाताचं कोलॅजेन. ईडीटीए कॅल्शियम ओढून घेतं. म्हणजे कॅनाल स्वच्छ करणारी द्रावणं दाताच्या घडणीलाच हात घालतात.

२००१ मध्ये सिम आणि सहकाऱ्यांनी डेंटीनच्या बारीक पट्ट्या दोन तास द्रावणात ठेवून मग वाकवून मोडल्या. ५.२५ टक्के हायपोक्लोराइटमधल्या पट्ट्यांची ताकद आणि ताठपणा सलाइनमधल्या पट्ट्यांपेक्षा लक्षणीय कमी भरला, ०.५ टक्क्यांत तसा फरक दिसला नाही. २००२ मध्ये चाल्ट आणि सर्पर यांनी ईडीटीए एक मिनिट आणि दहा मिनिटं वापरून पाहिलं. एका मिनिटात स्मिअर लेयर निघाला, दहा मिनिटांत डेंटीन झिजू लागलं.

मग द्रावणच गुन्हेगार? थांबा. १९८९ मध्ये री, मेसर आणि डग्लस यांनी काढलेल्या प्रीमोलर दातांवर मोजमाप केलं होतं. नुसत्या रूट कॅनालच्या प्रक्रियेने दाताचा ताठपणा सुमारे ५ टक्क्यांनी घटला. दोन्ही बाजूंच्या कडा कापणाऱ्या एमओडी कॅव्हिटीने मात्र ६३ टक्क्यांनी. १९९२ मध्ये सेजली आणि मेसर यांनी एकाच व्यक्तीच्या दोन्ही बाजूंचे दात, एक उपचार केलेला आणि एक न केलेला, तुलनेला घेतले. निव्वळ उपचारामुळे दात ठिसूळ होतो असं त्यांना दिसलं नाही.

दोन्ही निष्कर्ष एकाच वेळी खरे असू शकतात. सगळ्या बाजूंनी दोन तास भिजलेली पट्टी वेगळी आणि फक्त आतून द्रावण लागणारा अख्खा दात वेगळा.

माझ्या पहिल्या सिनॉप्सिसमध्ये मी फक्त तीव्रता लिहिली होती. गाइडनी विचारलं, "किती वेळ ठेवणार?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. तुम्ही चार गोष्टी आधीच ठरवा: तीव्रता, वेळ, द्रावणांचा क्रम आणि नमुना, म्हणजे पट्टी की पूर्ण दात. आणि नियंत्रण गट विसरू नका. नाहीतर द्रावण जपून वापरा असा सल्ला तुम्ही द्याल, संसर्ग कॅनालमध्येच राहील आणि तोच दात पेशंटला शेवटी काढावा लागेल.