वाचलेल्या माणसांचे हृदय

दिवाळीच्या अंकात रोगाची कहाणी कशाला, असे एखादा वाचक म्हणेल. आणि करंज्या-चकल्यांचे ताट पुढ्यात असताना कोलेस्टेरॉलचे नाव काढणे हा तर शुद्ध अरसिकपणाच झाला. तरीही मी ते धाडस करणार आहे. कारण ही कहाणी केवळ रोगाची नाही. मरणाच्या दारातून परत आलेल्या माणसांची, आणि परत आल्यावर त्यांच्यापुढे उभ्या राहिलेल्या एका नव्या संकटाची ती आहे.

१९८१ च्या जून महिन्यात लॉस एंजेलिसमधील पाच तरुणांच्या चमत्कारिक न्यूमोनियाची नोंद अमेरिकेच्या एका सरकारी साप्ताहिकात छापून आली. एड्सच्या इतिहासाचे ते पहिले पान. १९८३ साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्याचा विषाणू सापडला. १९८६ साली तो भारतातही आढळला. तो शोधून काढला तेव्हाच्या मद्रासमधील डॉ. सुनीती सॉलोमन यांनी. माहेरच्या त्या गायतोंडे, म्हणजे मद्रासेत वाढलेल्या मराठी घराण्यातील.

यानंतरचे १९८७ हे साल मला मोठे मौजेचे वाटते. त्या वर्षी अमेरिकन सरकारने दोन औषधांना परवानगी दिली. मार्चमध्ये झायडोव्हुडिनला, एच.आय.व्ही.वरचे हे पहिले औषध. सप्टेंबरमध्ये लोव्हास्टॅटिनला, रक्तातील कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या स्टॅटिन वर्गातील हे बाजारात आलेले पहिले औषध. या वर्गाचा उगम जपानचा. अकिरा एंडो नावाच्या शास्त्रज्ञाने हजारो बुरश्या तपासल्या आणि अखेर तांदळावरच्या एका बुरशीत १९७३ च्या सुमारास त्याला हवे ते द्रव्य गवसले. तथापि १९८७ साली या दोन औषधांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नव्हता. एड्सच्या रोग्याला कोलेस्टेरॉलची चिंता करण्याइतके आयुष्य तरी कुठे होते?

ते आयुष्य १९९६ मध्ये मिळाले. प्रोटिएज इनहिबिटर नावाची नवी औषधे आली आणि तीन औषधे एकत्र देण्याची रीत रूढ झाली. १९९६ ते १९९७ या एका वर्षात अमेरिकेतील एड्सचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. ज्यांनी मृत्युपत्रे करून ठेवली होती, ती माणसे पुन्हा कामाला लागली.

परंतु दोनच वर्षांनी, १९९८ मध्ये, सिडनीचे अँड्र्यू कार आणि डेव्हिड कूपर या डॉक्टरांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक वेगळीच गोष्ट जगापुढे मांडली. ही औषधे घेणाऱ्यांचे गाल बसत होते, हातपाय काटकुळे होत होते, आणि पोट मात्र सुटत होते. रक्तात कोलेस्टेरॉल व ट्रायग्लिसराइड ही मेदद्रव्ये वाढली होती. रिटोनाव्हिर हे औषध विषाणू नसलेल्या निरोगी माणसांना देऊन पाहिले, तर त्यांचेही ट्रायग्लिसराइड वाढले; म्हणजे काही दोष औषधाचाच होता. मात्र सगळाच नव्हे. उपचार न झालेल्या रोगात कोलेस्टेरॉल खालावते, आणि प्रकृती सुधारली की ते पूर्वपदावर येते. वाढीचा काही भाग निव्वळ आरोग्याचा परतावा होता!

मग हृदयाचे काय? युरोप, ऑस्ट्रेलिया व अमेरिकेतील २३,४६८ रुग्णांचा हिशेब २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. औषधयोजनेच्या प्रत्येक वर्षागणिक हृदयविकाराच्या झटक्याचा धोका सुमारे २६ टक्क्यांनी चढत होता. आकडा ऐकून छाती दडपते; पण त्या सगळ्यांत मिळून झटका आला होता तो १२६ जणांना. धोका वाढत होता हे खरे, पण मुळात तो लहान होता. टक्केवारी वाचताना ‘कशाचे टक्के?’ असे विचारण्याची सवय आपण लावून घ्यावी, ती याचसाठी.

साहजिकच एक तर्क पुढे आला: औषधे अधूनमधून थांबवली तर? शरीराची प्रतिकारशक्ती बरी असताना औषध बंद ठेवावे, ती घसरली की पुन्हा सुरू करावे; हृदयाला तेवढीच विश्रांती. हा तर्क ३३ देशांतील ५,४७२ रुग्णांवर तपासण्यात आला, आणि २००६ च्या जानेवारीत तो प्रयोग आवरता घ्यावा लागला. औषध थांबवणाऱ्यांत गंभीर आजार व मृत्यू अडीच पटींहून अधिक झाले. इतकेच नव्हे, तर हृदय, मूत्रपिंड व यकृत यांचे मोठे विकारही त्यांच्यातच जास्त निघाले. मोकाट सुटलेला विषाणू शरीरात सतत दाह पेटता ठेवतो आणि रक्तवाहिन्यांचे अस्तर बिघडवतो. औषधाने हृदयाला थोडा त्रास होत असेल. औषध सोडल्याने त्याहून मोठा होतो. या इतिहासातून एकच गोष्ट लक्षात ठेवायची, तर मी ही ठेवीन.

आपल्याकडे ही कथा दुसऱ्या वाटेने आली. २००१ साली मुंबईच्या सिप्ला कंपनीने तीन औषधे मिळून वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केली. पाश्चात्त्य देशांत तेव्हा याच उपचाराला दहा हजारांवर डॉलर पडत. १ एप्रिल २००४ पासून भारत सरकारने हा उपचार फुकट सुरू केला. त्या स्वस्त तिकडीतील स्टाव्हुडिनने असंख्य जीव वाचवले, पण गालांतली चरबीही झडवली. जे गुपित माणसाने घरच्यांपासूनही जपलेले असे, ते त्याचे गालच चारचौघांत फोडू लागले. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हे औषध मागे घेत जाण्याची शिफारस केली. आज डोल्युटेग्राव्हिरसारखी औषधे वापरात आहेत. ती वजन वाढवू शकतात, परंतु रक्तातील मेदाला तितका धक्का लावत नाहीत.

आता १९८७ च्या त्या दोन औषधांकडे पुन्हा वळू. लोव्हास्टॅटिन आणि प्रोटिएज इनहिबिटर एकत्र देता येत नाहीत. यकृतात एकाचा निचरा दुसरे अडवते आणि स्नायूंना इजा होऊ शकते. जपानमध्येच तयार झालेल्या पिटाव्हास्टॅटिनला ही अडचण फारशी येत नाही. २०१५ पासून भारतासह १२ देशांतील ७,७६९ एच.आय.व्ही.बाधितांवर ते आजमावण्यात आले. एरवी डॉक्टरांनी ज्यांना स्टॅटिन सुचवलेच असते असे नाही, अशी ही ४० ते ७५ वयाची माणसे. २०२३ मध्ये निकाल आला: हृदयविकार, पक्षाघात यांसारख्या मोठ्या घटना ३५ टक्क्यांनी घटल्या. कशाचे टक्के? हजार माणसांमागे वर्षाला सुमारे सात घटना होत, त्या पाचांवर आल्या.

तात्पर्य, ज्यांच्या घरात हे औषध चालू असेल त्यांनी भीतीपोटी ते मनाने सोडू नये. तंबाखू सोडावी, रक्तदाब मोजून घ्यावा, आणि स्टॅटिनचा प्रश्न डॉक्टरांपुढे काढावा. एके काळी ज्यांना पुढची दिवाळी दिसेल की नाही याची शाश्वती नव्हती, त्यांना आज चकली एक घ्यावी की दोन, एवढी काळजी पडावी, हे मला या दिव्यांच्या सणात आनंदाने सांगावेसे वाटले.