रुधिराभिसरणाच्या शोधाचें श्रेय आणि एक उपेक्षित टीकाग्रंथ

शरीरांत रक्त एकसारखें फिरत असतें हें प्रथम कोणीं सिद्ध केलें, असें विचारल्यास विल्यम हार्वे या इंग्रज वैद्याचें नांव पुढें येतें. इ. स. १६२८ त फ्रांकफुर्ट येथें छापलेला त्याचा लॅटिन ग्रंथ हा त्याचा पुरावा होय. हें उत्तर खोटें नाहीं. परंतु अपुरें आहे. या सिद्धान्ताचा एक महत्त्वाचा भाग तेराव्या शतकांतील एका अरबी टीकेंत लिहिलेला होता, ही गोष्ट १९२४ सालीं उजेडांत आली. हस्तलिखितांच्या संग्राहकांनीं लक्षांत ठेवावें असें हें प्रकरण असल्यामुळें त्याचा विचार येथें करीत आहों.

इ. स. च्या दुसऱ्या शतकांतील ग्रीक वैद्य गेलेन, ज्यास अरब जालीनूस म्हणत, याचें मत असें कीं, अन्नरसापासून यकृतांत रक्त होतें, शिरांवाटे तें अवयवांस पोहोंचतें व तेथेंच खर्ची पडतें. त्यांतील कांहीं भाग हृदयाच्या उजव्या कप्प्यांतून डाव्या कप्प्यांत, मधल्या पडद्याच्या अदृश्य छिद्रांवाटे झिरपतो. हें मत हजार वर्षांहून अधिक काळ प्रमाण मानलें गेलें.

इब्न सीना याच्या ‘कानून’ या ग्रंथांतील शारीरभागावर इब्न अल्-नफीस यानें टीका लिहिली. हा दमास्कस येथें शिकला, कैरो येथें वैद्यकी करून प्रसिद्धीस आला व १२८८ त वारला. तो स्पष्ट म्हणतो कीं, मधला पडदा घट्ट आहे. त्यांत दृश्य वाट नाहीं व जालीनूस म्हणतो तशी अदृश्यही नाहीं. उजव्या कप्प्यांतील रक्त फुप्फुसांत जातें, तेथें वायूशीं मिसळतें व मग डाव्या कप्प्यांत येतें. फुप्फुसांतील दोन वाहिन्यांमध्यें मार्ग असले पाहिजेत, असेंही त्यानें नमूद केलें आहे. मात्र धर्माज्ञा व भूतदया यांमुळें आपण शवच्छेद करीत नाहीं, असें तोच सांगतो. तेव्हां हें ज्ञान प्रत्यक्ष पाहून झालें कीं तर्कानें, हा वाद उरतोच.

मुहियुद्दीन अत्-ततावी या मिसरी वैद्यानें बर्लिनच्या ग्रंथालयांतील प्रत वाचून फ्रायबुर्ग विद्यापीठास प्रबंध सादर केला, तेव्हां हा मजकूर पुढें आला. कैरो येथील मॅक्स मायरहोफ यानें १९३३ पासून लेख लिहून तो विद्वानांपुढें मांडला.

मग यूरोपास हें अगोदर ठाऊक होतें काय? सर्व्हीटस यानें १५५३ त, व कोलंबो यानें १५५९ त, फुप्फुसांतून होणारा हाच मार्ग छापून प्रसिद्ध केला. त्यापूर्वीं १५४७ त, इब्न अल्-नफीस याच्या टीकेचा अल्पागोकृत लॅटिन अनुवाद व्हेनिस येथें छापला गेला होता, हें खरें. पण तो औषधयोगांच्या प्रकरणाचा आहे, शारीरभागाचा नव्हे. कालक्रम जुळतो म्हणून उसनवारी सिद्ध होत नाहीं. दुवा दाखविणारें लिखित मिळेपर्यंत निर्णय राखून ठेवणें हेंच आम्हांस योग्य वाटतें.

तसेंच अतिशयोक्तीही टाळली पाहिजे. इब्न अल्-नफीस यानें हृदय व फुप्फुस यांमधील फेरा सांगितला; सर्व शरीरांतील अभिसरण नव्हे. तें हार्वेनें गणितानें सिद्ध केलें. अर्ध्या तासांत हृदयाचे हजारांवर ठोके पडतात; दर ठोक्यास थोडेंच रक्त बाहेर पडतें असें धरलें तरी एकूण इतकें होतें कीं, खाल्लेल्या अन्नापासून तें नव्यानें होणें अशक्य. अर्थात् तेंच रक्त परत येत असलें पाहिजे. तें धमन्यांतून शिरांत कोठून जातें हें मात्र त्यास दिसलें नव्हतें. ती वाट, म्हणजे केशवाहिन्या, माल्पीगी यानें १६६१ त बेडकाच्या फुप्फुसांत सूक्ष्मदर्शकानें पाहिली. याप्रमाणें प्रत्येकाचें श्रेय वेगळें आहे व एकाचें मोठें करण्यासाठीं दुसऱ्याचें लहान करण्याचें कारण नाहीं.

एवढा मजकूर शतकानुशतकें पडून कां राहिला? टीका म्हटली कीं ती मुळाचाच अनुवाद करीत असणार, अशी समजूत होते. आपल्याकडेही वैद्यकाची पोथी हातीं आली व वेष्टनावर ‘टीका’ अशी नोंद दिसली, म्हणजे ती बाजूस ठेवण्याचा मोह होतो. मूळ ग्रंथकाराशीं टीकाकाराचें जेथें पटत नाहीं, तेथेंच बहुधा नवें कांहीं सांपडतें. यास्तव सूचींत केवळ ग्रंथनाम न देतां असे मतभेदही टिपले जावेत, अशी संग्राहकांस आमची विनंती आहे.