परभाषा माध्यम : इंदूरच्या शासकीय शाळांपुढील आव्हाने

परकी भाषा केवळ विषय म्हणून न शिकवता गणित, विज्ञान आदी विषयच तिच्यातून शिकवणे, या पद्धतीस भाषा-निमज्जन म्हणतात. १९६५ मध्ये कॅनडात माँट्रियलजवळील सेंट लॅम्बर्ट येथे इंग्रजी भाषक मुलांसाठी असा फ्रेंच वर्ग सुरू झाला. तेथे मुलांच्या घरच्या भाषेला धक्का लागण्याचे भय नव्हते.

इंदूरची स्थिती निराळी आहे. होळकरांच्या या नगरीत हिंदी, माळवी, निमाडी, मराठी, सिंधी अशा अनेक भाषा घरोघरी नांदतात. माळवी भाषक मुलास प्रमाण हिंदीही शाळेतच आत्मसात करावी लागते. मध्य प्रदेशातील ‘सीएम राइज’ (२०२५ पासून ‘सांदीपनी’) शाळांच्या योजनेत हिंदीसह इंग्रजी माध्यमाचाही समावेश आहे.

मुख्य प्रश्न शिक्षकांचा. इंग्रजी वाचता येणे आणि अपूर्णांक इंग्रजीतून उलगडून सांगणे, या भिन्न गोष्टी होत. दुसरी साधली नाही, तर पुस्तक इंग्रजी, स्पष्टीकरण हिंदी आणि उत्तर पाठांतराचे, असा प्रकार घडतो. चूक भाषेची की गणिताची, हेही मग उमगत नाही. प्रशिक्षित शिक्षकाची बदली झाल्यास वर्गाची घडी विस्कटते. घरी इंग्रजी नसल्याने पालकांचा हातभारही लागत नाही.

शिक्षण हक्क कायदा, २००९ शक्यतो मातृभाषेचा आग्रह धरतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत. पालकांचा ओढा मात्र इंग्रजीकडे आहे. इंग्रजी प्राथमिक शाळांच्या अनुदानावरून २०११ मध्ये गोव्यात उसळलेल्या वादाच्या मुळाशीही हाच पेच होता. घरची भाषा पक्की झाल्यावर टप्प्याटप्प्याने परभाषा आणणे, हा त्यातल्या त्यात सुरक्षित मार्ग ठरतो.