ताळेबंदाखालची सही

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी मुंबईच्या मूळजी जेठा मार्केटात किंवा पुण्याच्या रविवार पेठेत ज्या वहीची पूजा होते, ती वही लिहायला कोणत्याही विद्यापीठाने शिकवले नव्हते. मुलगा दहा-बारा वर्षांचा झाला की मुनीमजींच्या शेजारी बसे. आधी नकला करी, मग रोजकीर्द लिही आणि हात बसला की खतावणी. परीक्षा एकच, दिवसअखेर शिल्लक जुळली पाहिजे.

या विद्येला विद्यापीठाची पदवी मिळाली ती 1913 साली. त्या वर्षी ऑक्टोबरात मुंबईत सिडनहॅम कॉलेज ऑफ कॉमर्स सुरू झाले. वाणिज्य शिकवणारे ते आशियातले पहिले कॉलेज मानले जाते. नाव गव्हर्नर लॉर्ड सिडनहॅम यांचे. मानद प्राचार्य म्हणून सुरुवातीचा भार के. एस. अय्यर यांनी उचलला. ते स्वतः मुंबईत हिशेबतपासनीसाचा व्यवसाय करीत. पुढे पर्सी अ‍ॅन्स्टी प्राचार्य झाले. त्यांच्याच कारकिर्दीत, 1918 मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते, हे अनेकांना ठाऊक असते. त्याच कॉलेजात खतावणी शिकवली जाई, हे सहसा कोणाच्या लक्षात नसते.

ही खतावणी मात्र पेढीवरची नव्हती. आपल्या पद्धतीत रोजकीर्दीची डावी बाजू जमेची आणि उजवी नावेची. कापडवाल्याने शंभर रुपये आणून दिले की ते कीर्दीत डावीकडे जमा होत आणि खतावणीत त्याच्या खात्यावरही डावीकडेच, जमेलाच चढत. इंग्रजी पद्धतीत तीच रक्कम रोकडवहीत डावीकडे, पण कापडवाल्याच्या खात्यावर उजवीकडे जाते. तत्त्व दोन्हींकडे एकच, देणाऱ्याच्या खाती जमा. बाजू तेवढ्या उलट्या. पेढीवर वाढलेला मुलगा कॉलेजात आला की पहिले काही आठवडे त्याचा हात चुकीच्या बाजूला जात असणार, असे मला नेहमी वाटते. ‘देशी पद्धत’ म्हणून एखादे प्रकरण पाठ्यपुस्तकांत पुढेही राहिले, पण ते शेवटी, परीक्षेपुरते. मोडीतली कीर्द आणि घड्या पाडून केलेले वहीचे रकाने विद्यापीठाने अभ्यासाचा विषय म्हणून कधी मनापासून घेतलेच नाहीत. ते नुकसान लहान नव्हते; त्या वह्या वाचू शकणारे आज शोधावे लागतात.

पण 1913 साल आणखी दोन कारणांनी महत्त्वाचे आहे. त्याच वर्षी नवा कंपनी कायदा झाला आणि 1 एप्रिल 1914 पासून अमलात आला. कंपनीचे हिशेब कोणी तपासायचे हे त्याने प्रथमच ठरवून दिले. एकतर सरकारचा दाखला हवा, नाहीतर सरकारने मान्य केलेल्या संस्थेचे सभासदत्व. व्यवहारात अशा संस्था म्हणजे विलायतेतल्या. त्यांचे सभासद व्हायचे तर बहुतेकांना तिकडे जाऊन तिथल्या फर्ममध्ये उमेदवारी करावी लागे आणि तो खर्च पेलणारी घरे थोडी.

दुसरी गोष्ट नोव्हेंबर महिन्यातली. कॉलेज उघडून जेमतेम दोन महिने होतात तोच मुंबईची इंडियन स्पेसी बँक बुडाली. चांदीच्या सट्ट्यात पैसा अडकला होता. लाहोरची पीपल्स बँक त्याआधीच बंद पडली होती. ठेवीदार आत डोकावू शकत नाही. त्याच्या हाती असतो तो छापील ताळेबंद आणि त्याखालची सही. ती सही कोणाची आणि ती करणाऱ्याला काय येते, हा प्रश्न तेव्हा मुंबईत पुस्तकी राहिला नव्हता.

अशा वेळी सही करण्याचा अधिकार पदवीला जोडणे शक्य होते. तसे झाले नाही. 1918 मध्ये मुंबई सरकारने अकाउंटन्सी डिप्लोमा बोर्ड नेमले आणि ‘जी. डी. ए.’ हा डिप्लोमा सुरू केला. त्यासाठी परीक्षा होतीच, शिवाय मान्यताप्राप्त हिशेबतपासनीसाच्या हाताखाली तीन वर्षांची उमेदवारी. विलायतेला न जाता सही करण्याची वाट त्यामुळे मोकळी झाली, ही मोठीच सोय. पण पदवी विद्यापीठाची, अधिकार बोर्डाचा, अशी फाळणीही तिथेच पक्की झाली. यात विद्यापीठाचा कमीपणा झाला असे काहींना वाटेल. मला ते पटत नाही. साठ्याची मोजणी करताना गोदामात उभे राहिल्याशिवाय ताळेबंदातला ‘माल शिल्लक’ हा आकडा खरा की फुगवलेला, हे कळत नाही आणि वर्गात गोदाम नसते. मुनीमजींच्या शेजारी बसण्याची जुनी रीतच डिप्लोम्याच्या नियमांतून मागच्या दाराने परत आली म्हणा ना.

1932 च्या नियमांनी नोंदणी अखिल भारतीय झाली आणि ‘रजिस्टर्ड अकाउंटंट’ ही उपाधी आली. 1 जुलै 1949 रोजी चार्टर्ड अकाउंटंट्सची संस्था कायद्याने स्थापन झाली. दरम्यान वाणिज्याची कॉलेजे वाढत होती. 1941 मध्ये माटुंग्याचे पोदार, 1943 मध्ये पुण्याचे बृहन्महाराष्ट्र. त्यांतून हजारो बी. कॉम. बाहेर पडले. सकाळी कॉलेज आणि मग एखाद्या सी. ए.च्या कचेरीत दिवसभर पावत्यांवर खुणा, हा त्यांच्यापैकी कित्येकांचा क्रम झाला. दिवाळीत त्यांतलेच काही घरच्या पेढीवर लाल वहीपुढे बसतात. पहिल्या पानावर कुंकवाचे स्वस्तिक काढतात आणि हिशेब संगणकावर ठेवतात.