मिस्ट्री कॉल म्हणजे काय? दोन देशांतले वर्ग असे जोडा

वर्गातल्या स्क्रीनवर परदेशातली मुलं दिसतायत, पण ती कुठली आहेत हे ती सांगत नाहीत. तुम्ही फक्त 'हो' किंवा 'नाही' असं उत्तर येईल असे प्रश्न विचारायचे आणि देश ओळखायचा. ती मुलंही तुमचा देश शोधत असतात. हा खेळ मिस्ट्री स्काईप नावाने जगभर गाजला. मे २०२५ मध्ये स्काईप बंद झालं, पण हाच खेळ गूगल मीट, झूम किंवा टीम्सवर आरामात खेळता येतो.

हे फक्त मोठ्या शहरांतल्या शाळांना जमतं असं नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला. त्यांच्या 'लेट्स क्रॉस द बॉर्डर्स' या उपक्रमाने भारत-पाकिस्तान, इस्रायल-पॅलेस्टाईन अशा तणाव असलेल्या भागांतली मुलं एकमेकांशी जोडली.

काय लागतं?
नेट असलेला एक फोन किंवा लॅपटॉप, मोठी स्क्रीन आणि स्पीकर. एका खोलीत दोन फोन कॉलवर असतील तर आवाज घुमतो, म्हणून एकाच फोनचा माईक आणि स्पीकर चालू ठेवा. नेट अडखळलं तर मी आधी कॅमेरा बंद करायला सांगेन. चित्र नसलं तरी खेळ चालतो, आवाज गेला की संपला.

वेळ कशी जुळवायची?
आपल्याकडे दुपारचे २ वाजतात तेव्हा फिनलंडमध्ये हिवाळ्यात सकाळचे १०:३०, तर उन्हाळ्यात ११:३० वाजलेले असतात, कारण तिथे घड्याळ वर्षातून दोनदा बदलतं. अमेरिकेशी मात्र शाळेच्या वेळा जुळत नाहीत. तिथे व्हिडिओ रेकॉर्ड करून पाठवणं सोपं.

प्रश्न कसे विचारायचे?
'तुम्ही जपानचे का?' याला 'नाही' आलं तर एकच देश कमी होतो. 'आफ्रिका किंवा युरोपात आहात का?' विचारलं की जवळपास निम्मे देश बाद! संयुक्त राष्ट्रांचे १९३ सदस्य देश आहेत. दरवेळी निम्मे गाळले तर ८ प्रश्न पुरतात.

सुरक्षितता
कॉल शिक्षकांच्याच अकाउंटवरून करा. लिंक व्हॉट्सॲप स्टेटसला टाकू नका. आडनाव, फोन नंबर, पत्ता सांगायचा नाही. रेकॉर्डिंग करायचं असेल तर आधी पालकांची परवानगी घ्या.

शेवटी एक सांगतो. देश ओळखला की लगेच कॉल कापू नका. डब्यात काय आणलंय, शाळेत कसे येता, हे विचारा. खऱ्या गप्पा तिथूनच सुरू होतात.