घोडा विकावा, घोडी ठेवावी

बर दुबईत खाडीच्या तोंडाशी शिंदगा नावाचा जुना भाग आहे. तिथे १८९६ साली बांधलेले मक्तूम घराण्याचे घर अजून उभे आहे. दुबईचे सध्याचे राज्यकर्ते शेख मोहम्मद १९४९ मध्ये याच घरात जन्मले. आता तिथे संग्रहालय आहे. आपल्यापैकी अनेक जण मीना बाजारातली खरेदी आटोपून, पाहुण्यांना अब्रात बसवून, मग त्यांना हे घर दाखवायला नेतात. घोड्यांच्या इतिहासातला एक जुना प्रश्न या घराशी आणि आपल्या कोकण किनाऱ्याशी जोडलेला आहे. तो म्हणजे, आपली घोडी चांगली निघाली, तर तिच्यापासून शिंगरू घ्यावे का?

अरबस्तानातल्या बदाऊंनी याचे उत्तर फार पूर्वी देऊन ठेवले. त्यांच्या लेखी घराण्याची खरी ठेव म्हणजे घोडी. कुहैलान, सक्लावी, हमदानी ही अरबी घोड्यांची कुळे आईकडून मोजली जातात. शिंगराचा बाप कितीही नामांकित असला, तरी कूळ आईचेच लागते. म्हणून घोडा विकायला ते तयार होत, पण उत्तम घोडी सहसा हातची सोडत नसत. समुद्रमार्गे हिंदुस्थानात जाई तो माल मुख्यतः नर घोड्यांचा.

ते विकत घेणारे आपण होतो. तेराव्या शतकात मार्को पोलोने ठाण्याच्या राजाची गंमत लिहून ठेवली आहे. राजाचा समुद्री चाच्यांशी करार होता : लुटलेल्या जहाजावरचे घोडे राजाचे, बाकीचा माल चाच्यांचा. कारण राज्यात घोड्यांची पैदासच नव्हती. पुढे पंधराव्या शतकात अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी होर्मुझहून एक घोडा घेऊन चौलला उतरला. जुन्नरच्या खानाने तो घोडा हिसकावला आणि धर्म बदललास तरच परत देईन, असे बजावले. शेवटी घोडा परत मिळाला, पण एका जनावरासाठी एवढी जबरदस्ती का व्हावी, हे निकितीनच्याच नोंदीतून कळते. या देशात घोडे निपजत नाहीत, असे त्याने लिहिले आहे. घोडीच नसेल, तर दर पिढीला नव्याने थैली मोकळी करावी लागते.

मराठ्यांनी यावर आपला तोडगा काढला. भीमेच्या आणि नीरेच्या काठी चांगला चारा होता आणि स्थानिक घोड्या होत्या. त्यांच्यावर अरबी आणि तुर्की रक्ताचा संकर होऊन भीमथडीचे तट्टू तयार झाले, असे मानले जाते. ते उंचीने कमी, पण काटक, थोड्या चाऱ्यावर लांबची मजल मारणारे. बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळे, तर शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला येई. घोडा मेला, तर नुकसान शिलेदाराचे. अशा माणसाच्या दारातली घोडी व्याली, तर ती पुढच्या मोहिमेची तजवीजच होती. राजा बढे यांच्या ज्या गीतात या तट्टांचा उल्लेख येतो, ते २०२३ मध्ये राज्यगीत झाले. खुद्द भीमथडी घोडा मात्र धनगरांच्या वाड्यांवर ओझी वाहत टिकून राहिला. स्वतंत्र जात म्हणून त्याची सरकारी नोंद अगदी अलीकडची आहे.

इंग्लंडने तिसरी वाट धरली. १७०४ मध्ये थॉमस डार्लीने अलेप्पोहून एक अरबी घोडा मायदेशी पाठवला. अशा मोजक्या पौर्वात्य नरांपासून आणि तिथल्या घोड्यांपासून थरोब्रेड जात उभी राहिली. जवळपास पावणेतीनशे वर्षांनी हे चक्र फिरून दुबईला आले. शेख मोहम्मद यांची इंग्लंडमधली पहिली विजेती १९७७ ची हत्ता, आणि ती घोडी होती. पुढे त्यांनी आपल्या संस्थांना नावे दिली डार्ली आणि गोडॉल्फिन, म्हणजे पूर्वेकडून गेलेल्या त्याच घोड्यांची.

त्यांच्याच कोलोरॅडो डान्सर या घोडीने १९९६ मध्ये एक शिंगरू दिले. तेच दुबई मिलेनियम. दहा शर्यतींत नऊ विजय, त्यात २००० चा दुबई वर्ल्ड कप. पैदाशीचा पहिलाच हंगाम चालू असताना, २००१ मध्ये, तो आजाराने दगावला. मागे राहिली एकाच हंगामाची शिंगरे. त्यांतला दुबावी २०२२ मध्ये ब्रिटन-आयर्लंडमधला अव्वल पैदासी घोडा ठरला. नावाचा अर्थच दुबईकर! अफाट पैसा आणि उत्तम वैद्य हाताशी असूनही ही वंशरेषा एका हंगामावर तगली, हे मात्र विसरू नये.

हौशी मालकाकडे एवढी मोकळीक नसते. घोडी सुमारे अकरा महिने गाभण राहते. ती माजावर येते दिवस मोठे होऊ लागले की. म्हणून मोठ्या तबेल्यांत हिवाळ्यात संध्याकाळी दिवे लावून तिला वसंताचा भास करून देतात. आखातात तर शिंगरू जूनच्या आगीआधी अंगाने भरलेले बरे. बाळंतपण अडले, तर शिंगरू जाते आणि कधी घोडीही. सगळे सुरळीत झाले, तरी शिंगरावर स्वार होण्याआधी तीनेक वर्षे नुसते पोसायचे असते.

पुण्यात पूनावाला घराण्याने १९४६ पासून शर्यतीचे घोडे पैदा केले. वय झालेले घोडे मुंबईच्या हाफकिन संस्थेकडे लसरसासाठी जात. त्यातूनच १९६६ मध्ये सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली. पण प्रत्येक तबेल्याच्या मागे अशी सोय नसते. न धावणाऱ्या, न विकल्या गेलेल्या घोड्याचे पुढे काय, हे त्याच्या जन्माआधीच ठरवावे लागते.

बदाऊ घोडी जपत, पण सरसकट प्रत्येक घोडीला घोडा लावत नसत. पाय सरळ, स्वभाव शांत, आईकडची रेघ माहीत, अशीच निवडत. आपल्या घोडीवर आपला जीव आहे, हे कारण खरे असले तरी पुरेसे नाही. तसलेच दुसरे जनावर जगात यायला हवे का, आणि आले तर पंचवीस वर्षे त्याला कोण सांभाळणार, या दोन प्रश्नांची उत्तरे असतील, तर घोडा जरूर शोधावा. नसतील, तर तिच्या पाठीवर बसून पहाटेच्या वाळवंटात एक फेरी मारावी. त्यातही कमीपणा काही नाही.